नदीला ओटी, देवाला काढा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात मी सहज लिहिलं होतं की नदीकाठची देवळं, तिथल्या कथा, रीतिरिवाज ह्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. आता पस्तावतेय. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲप तर विचारूच नका, एका आजोबांनी अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला आणि त्यात मागे कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण जे प्रश्न वाचून मी स्वतः उठून कुणाकुणाला फोन केले ते घेतलेत.

ताई, आमचं मूळ गाव वाईजवळ पण मी वाढले पुण्यात. ह्या वर्षी पहिल्यांदाच कृष्णाबाईच्या उत्सवाला गेले, आईने ओटी भरली, मीपण भरली. पुढच्या रविवारी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो तर तिथे एक काका सांगत होते की कृष्णा म्हणजे साक्षात विष्णू. मग मी ओटी विष्णूची भरली का? हसू नका, सीरियसली विचारतेय. (एक वाचक, कोथरूड)

हसले. सॉरी. पण हसले कारण नेमकं हेच मी आठवी-नववीत असताना आजीला विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "बाईला बाई म्हणावं, नसत्या चौकशा करू नयेत." तेव्हा राग आला होता, आता वाटतं तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तर ते काका चुकले नाहीत. कथा पुराणातली आहे आणि महाबळेश्वरचीच आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्त जवळ आला, सगळे देव येऊन बसले, पण सावित्री काही येईना. आता यज्ञाला पत्नी शेजारी पाहिजे, मुहूर्त तर टळतोय, म्हणून मग गायत्रीला तिच्या जागी बसवलं आणि कार्य सुरू केलं. आणि नेमकी तेव्हा सावित्री आली. पुढे काय झालं असेल ते कुठल्याही लग्नघरात वावरलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. तिने सगळ्या देवांना शाप दिला की तुम्ही जड व्हाल, नद्या व्हाल. विष्णूची झाली कृष्णा, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. त्या दोघीसुद्धा सुटल्या नाहीत, सावित्री आणि गायत्रीच्याही नद्या झाल्या.

पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून ह्या पाची नद्यांचं पाणी एकत्र पडतं असं मानतात. शिवाय भागीरथी दर १२ वर्षांनी आणि सरस्वती ६० वर्षांनी तिथे प्रकट होते अशी श्रद्धा आहे, त्यांच्या जागा राखून ठेवलेल्या आहेत, जेवायला उशिरा येणाऱ्या पाहुण्यांची पानं मांडून ठेवावीत तशा.

मला ह्या कथेत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, की ज्याने कुणी ती रचली त्याने नकाशा नीट पाहिला होता. कृष्णा, वेण्णा, कोयना तिघी देशावर उतरतात. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते आणि कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर, म्हणजे शाप मिळालेले तिन्ही देव कऱ्हाडपर्यंत पुन्हा एक झालेले असतात. आणि सावित्री? ती उलट्या दिशेला, कोकणात, महाडवरून बाणकोटच्या खाडीत. भांडून उठली ती उठलीच, परत ह्यांचं तोंड पाहिलं नाही. डोंगराच्या कण्यावर पाणी दोन बाजूंना वाटलं जातं हे आपण भूगोलात शिकतो, पण हे असं सांगितलं की जन्मात विसरत नाही.

आता ओटीचं. वाईत घाटाघाटावर, आळीआळीचा वेगळा उत्सव असतो, माघात सुरुवात होते आणि मग एकेका आळीचा नंबर लागत जातो. मांडव घाटावरच, त्यात कृष्णाबाईची मूर्ती बसवतात, साडी, दागिने, गजरे, रोज बायका ओटी भरायला, रात्री कीर्तन, एक दिवस मोठी पंगत. अफझलखान वाईचा सुभेदार होता, तो शिवाजी महाराजांवर चालून निघाला तेव्हा शेंडे घराण्यातल्या शास्त्र्यांनी कृष्णाबाईला नवस केला की हे संकट टळू दे, तुझा उत्सव करीन, आणि तिथून हे सुरू झालं असं वाईकर सांगतात. बघा म्हणजे, नवस करायची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवांना पुराण नक्की पाठ असणार, तरी त्यांनी विष्णूला नाही, बाईला सांगितलं. त्यामुळे तुम्ही भरलेली ओटी बरोबर पत्त्यावर पोचलीय.

आणि पुढच्या वेळी वाईला जाल तेव्हा ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला जाऊन या. पुढून सगळेच फोटो काढतात. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, अगदी नदीला चिकटून, आणि मागची भिंत सरळ न बांधता माशासारखी निमुळती काढली, म्हणजे पुराचं पाणी येऊन थडकण्याऐवजी दोन बाजूंना फाकतं. आम्ही लहानपणी त्या टोकावर हात ठेवून उभे राहायचो, पावसाळ्यात नाही हो, पावसाळ्यात आजीने तंगडी मोडली असती.

जुलैमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "वाडीला दक्षिणद्वार झालं, निघा." आणि खरंच दोन गाड्या रात्रीच्या निघाल्या, मी सून म्हणून नवीन, मला वाटलं कुठलं तरी दार उघडतात. तिथे गेले तर पूर! लोक देवळाबाहेर पाण्यात डुबक्या मारतायत. हे नक्की काय असतं? (ठाणे)

तुमचं वाक्य "तिथे गेले तर पूर!" हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बरोबरच आहे, पूर हाच सोहळा.

नृसिंहवाडी, म्हणजे नरसोबाची वाडी, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर आहे. (ही कोल्हापूरची पंचगंगा, वरच्या उत्तरातली महाबळेश्वरची नाही, दोन्हींत नेहमी घोळ होतो.) दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथे १२ वर्षं राहिले आणि पुढे गाणगापूरला गेले. गाभाऱ्यात उभी मूर्ती वगैरे नाही, औदुंबराखाली पादुका आहेत, त्यांचंच दर्शन. देवळाला शिखर नाही हे पाहिलंत का? विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीचे डोळे इथे बरे झाले आणि त्याने हे बांधून दिलं, म्हणून आकार असा, अशी कथा तिथे कुणीही सांगेल.

आता पावसाळ्यात कृष्णा चढायला लागते. घाटाच्या पायऱ्या जातात, मग आवारात पाणी, मग पाणी उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. हे जे दक्षिण दारातून बाहेर आलेलं पाणी आहे ते पादुकांचं तीर्थ झालं, आणि त्या दाराशी स्नान म्हणजे दक्षिणद्वार. पाणी वाढत असताना झालं तर चढता दक्षिणद्वार, ओसरताना झालं तर उतरता. वेळ नदी ठरवते, पंचांग नाही, त्यामुळे कधी मध्यरात्री होतं, कधी पहाटे, आणि पाणी अजून चढलं की संपलं, दारच पाण्याखाली जातं. म्हणून तुमच्या सासरचे रात्री सुटले.

मला ह्यात मोठी गंमत वाटते. बाकी ठिकाणी आपण नदीवरून घागर भरून देवाला स्नान घालतो, इथे वर्षातून काही वेळा नदीच उठून येते. आणि देवाचे पुजारी काय करतात, तर उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजा तिथे चालू ठेवतात, एक दिवस खंड नाही. पूर ओसरला की गाळ काढायचा, धुवायचं, परत खाली. कटकट कुणी करत नाही, घरच्या बाईने माहेरी जाऊन यावं इतकं ते सवयीचं आहे.

पण एक सांगते आणि हे जरा रागानेच. त्या भागातल्या माणसाला कोयना धरणातून किती सोडलं, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाच्या इशाऱ्यावर गेली की ४३ च्या धोक्यावर, हे सगळं तोंडपाठ असतं, तो त्या हिशोबाने पाण्यात पाय घालतो. आपण ठाण्याहून रील बघून जातो. २००५, २०१९, २०२१ ला तिथे काय झालं ते शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही विचारा. दोरी बांधलेली असेल तर दोरीच्या आत, आणि नको म्हणाले तर नको. येताना कवठाची बर्फी आणली की नाही ते कळवा.

शंकराला अर्धीच प्रदक्षिणा का? (हा प्रश्न सात जणांनी विचारलाय)

पिंडीवर घातलेलं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं, बहुतेक उत्तरेकडे, ती ओलांडायची नाही म्हणून. तिला सोमसूत्र म्हणतात. देवाच्या अंगावरचं पाणी, त्यात निर्माल्य, ते पायाने ओलांडू नये इतकं साधं आहे. म्हणून पन्हळीपर्यंत जायचं, उलटं फिरायचं, दुसऱ्या बाजूने परत पन्हळीपर्यंत, आणि आलो तसं मागे. काही देवळांत ती पन्हळ जमिनीखालून काढलेली असते, तिथे लोक पूर्ण फेरी मारतात आणि त्यावरून दोन आज्यांचं भांडण मी स्वतः पाहिलंय. "ऊर्जेचा झोत" वगैरे जे फॉरवर्ड फिरतं ते माझ्या नावाने पुढे पाठवू नका.

नाशिकचा सिंहस्थ आणि वाडीचा कन्यागत ह्यात फरक काय? आणि गंगा दोन्हीकडे येते म्हणतात, एका वेळी दोन ठिकाणी कशी? (निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर)

सर, एका वेळी नाही येत, लागोपाठ येते. गुरू सिंह राशीत असतो ते वर्ष गोदावरीचं, तो कन्येत गेला की कृष्णेचं. प्रत्येक राशीला एक नदी वाटून दिलेली आहे: मेषेला गंगा, वृषभेला नर्मदा आणि असंच पुढे. मीनेला प्राणहिता आहे, २०२२ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या सिरोंच्याला जो पुष्कर मेळा झाला तो तिचा, तेलंगणातून बस भरभरून लोक आले होते आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत कुणाला पत्ताही नाही. वृश्चिकेला आपण भीमा म्हणतो, तमिळनाडूत ताम्रपर्णी म्हणतात. नद्या जास्त, राशी बाराच, तेव्हा असं होणारच.

गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून एक रास साधारण एक वर्ष आणि पूर्ण चक्कर बारा. ते वरचे अपुरे महिने साठत जातात आणि कधीतरी पर्व अकराव्याच वर्षी येतं. मागचा सिंहस्थ २०१५ चा, कन्यागत २०१६ च्या ऑगस्टमध्ये लागलं. आताच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला असं जाहीर झालंय. त्र्यंबकला शैव आखाडे आणि नाशिकला रामकुंडावर वैष्णव, ही वाटणी पेशवाईत स्नानाचा मान पहिला कुणाचा ह्यावरून झालेल्या मारामाऱ्यांतून आलेली आहे, भक्तीतून नाही.

गंगा गोदावरीत का येते, तर गोदावरी ही मुळात गंगाच, म्हणून बहीण बहिणीकडे. नाशिककर तर गोदावरीला आजही "गंगा" म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे रामकुंडावर. गौतम ऋषींची कथा तुम्हाला माहितीच असेल: दुष्काळात फक्त त्यांच्या आश्रमात धान्य, शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलली आणि ती मेली. गोहत्येचं पाप फेडायला शंकराची तपश्चर्या, आणि जटेतली गंगा ब्रह्मगिरीवर. शाळेत आपल्याला इथपर्यंत सांगतात. पण ब्रह्मपुराणात ह्याच्या मागे घरचं राजकारण आहे, आणि ते कुणी सांगत नाही! पार्वतीला नवऱ्याच्या डोक्यावर बसलेली गंगा खपत नव्हती. आईची घालमेल गणपतीने ओळखली, त्याने पार्वतीच्या जया नावाच्या सखीला गाय व्हायला लावलं आणि शेतात सोडलं. म्हणजे गायही खोटी, मरणही खोटं, सगळा डाव सवतीला घराबाहेर काढायचा. आणि त्या बिचाऱ्या गौतमाच्या प्रायश्चित्तावर आज नाशिकपासून आंध्रापर्यंत १४६५ किलोमीटर लोक पाणी पितायत.

ती येऊनही थांबेना. गंगाद्वाराला दिसायची, गुप्त व्हायची, परत दुसरीकडे. शेवटी गौतमांनी कुश, म्हणजे दर्भ, मंतरून तिच्याभोवती गोल फिरवला आणि अडवली, ते कुशावर्त. ज्या दर्भाने गाय मेली त्याच दर्भाने नदी अडवली. त्र्यंबकला गेलात तर कुशावर्ताच्या पायरीवर बसून हे आठवा, बाहेरच्या गर्दीचा राग थोडा कमी होतो.

आषाढीच्या आधी बातमी येते "विठ्ठलाचा पलंग निघाला". पलंग निघाला म्हणजे कुठे गेला? (मुलगा, इयत्ता सातवी, बार्शी)

शाब्बास. मोठ्यांनी नाही विचारलं हे.

एरवी पांडुरंगाचा दिवस आपल्यासारखाच असतो, पहाटे काकडा म्हणजे उठवायचं, मग पूजा, दुपारी महानैवेद्य, मग पोशाख, संध्याकाळी धुपारती आणि रात्री शेजारती. शेजारती झाली की देव झोपला. त्यासाठी शेजघरात पलंग असतो. पण आषाढीला लाखो लोक पायी चालत येतात, त्यांना काय सांगणार की देव झोपलाय, सकाळी या? म्हणून चांगला दिवस बघून तो पलंग शेजघरातून बाहेर काढतात. पलंगच नाही तर झोपणार कुठे. तेव्हापासून देव रात्रंदिवस उभा, दर्शन चोवीस तास, काकडा नाही की शेजारती नाही. फक्त उभं राहून पाठ दुखेल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात आणि रुक्मिणीमातेला तक्क्या.

वारी झाली, लोक परतले, की प्रक्षाळपूजा. एवढ्या लोकांनी पायावर डोकं ठेवलेलं असतं ना, म्हणून पायाला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने आंघोळ घालतात, देऊळ धुतात, आणि रात्री शिणवटा जायला औषधी काढा देतात. मग पलंग परत आत. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो काढाच आठवत राहिला. उन्हाळ्यात पण असंच, पाडव्यापासून मृग लागेपर्यंत दुपारी अंगाला चंदनाची उटी, उकडतं म्हणून.

आणि तुझ्या बार्शीहून पंढरपूर जवळ आहे, जाशील तेव्हा क्रम लक्षात ठेव: आधी चंद्रभागा, मग वाळवंटात पुंडलिक, मग विठोबा. नदीचं खरं नाव भीमा. त्रिपुरासुराला मारून शंकर दमून बसले तेव्हा अंगातून जो घाम निघाला ती भीमा, अशी भीमाशंकरची कथा. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. आता वारीच्या आधी उजनी धरणातून पाणी सोडतात तेव्हा ती भरते, हेही माहिती असू दे. अजून एक, देवळात पूर्वी सगळ्यांना प्रवेश नव्हता. चोखोबा बाहेरच राहिले, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेवांच्या पायरीजवळ. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपास केला तेव्हा कुठे दलितांसाठी दार उघडलं. घरी आजोबांना विचार, त्यांच्या वडिलांनी हे पाहिलं असेल.

राजापूरची गंगा आली की आमच्या चाळीतले निम्मे लोक गावाला पळतात. ही खरंच गंगा का? (लालबाग)

राजापूरजवळ उन्हाळ्याला डोंगरउतारावर १४ कुंडं आहेत, एरवी कोरडी. एक दिवस अचानक वडाच्या मुळाशी पाणी फुटतं आणि कुंडं भरतात, काही महिने राहतं, आणि आली तशी न सांगता जाते. पूर्वी तीन वर्षांनी यायची म्हणत, आता तिचं वेळापत्रक बिघडलंय. भूगर्भवाले म्हणतात जमिनीखाली वाकड्या नळीसारख्या भेगा असतील, वरची पोकळी भरत जाते, पाणी वाकणाच्या वर गेलं की सगळं एकदम ओढलं जातं, सायफन, रॉकेलच्या डब्यातून नळीने तोंडाने ओढून काढायचो तसं. मला दोन्ही पटतं. सायफन असला म्हणून आंघोळीचं पाणी कमी गार लागत नाही. "गंगा आली" म्हणायचं, "पाणी आलं" म्हणायचं नाही, तेवढं पाळा, आजोळच्या माणसांना लागतं ते.

गाडी पुलावरून जाताना नदीत नाणं टाकावं का? (चिपळूण)

तांब्याची नाणी पाणी शुद्ध करायची वगैरे कारण लोक देतात. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत. हात जोडा, पुरे. आणि कॅरीबॅगेसकट निर्माल्य भिरकावणाऱ्यांनी तर हातसुद्धा जोडू नका, आधी पिशवी घरी न्या.

गोव्यात असं नदीचं काही असतं का, की सगळं देशावरच? (डिचोली, जरा रागावून)

रागावू नका, तुमच्या शेजारीच आहे. साखळीला विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत रात्री रोषणाई केलेल्या होड्या सोडतात, घरी महिना-महिना खपून बनवलेल्या, आणि होडीत इंजिनियरिंग किती केलंय ह्यावर काठावर जी चर्चा चालते ती ऐकायलाच मी दोनदा गेलेय. तुम्ही ह्यावर सविस्तर लिहून पाठवा, छापू.

आम्ही लेस्टरला राहतो. बाबा गेले, त्यांचं सामान आवरताना तांब्याचा एक बंद गडू सापडला, तोंडाला झाळ दिलेली (धातू वितळवून बंद केलेलं), हलवला तर पाणी वाजतं. आई म्हणते तुझ्या आजीचा, काशीचा. आता तिलाही नीट आठवत नाही. ह्याचं काय करू? टाकवत नाही आणि ठेवूनही काय करणार.

गंगेचा गडू आहे तो. तुमची आजी किंवा पणजी काशीला गेली असणार तेव्हाचा. पूर्वी काशीला गेलेला माणूस परत येईलच असं नसायचं, म्हणून आला की घरात मावंदं व्हायचं, गडूची पूजा, गंगापूजन, अख्ख्या भावकीला जेवण. मग तो गडू देवघरात कोपऱ्यात जायचा आणि घरात कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की झाळ फोडून तुळशीच्या पानावर थेंबभर पाणी तोंडात. तो एकदाच उघडायचा, म्हणून उघडायचाच नाही अशी सवय लागली. मराठी पेपरात "परकीय चलनाची गंगाजळी" लिहितात ना, तो शब्द इथूनच आला: हात न लावता जपून ठेवलेलं.

रीत खरी मोठी होती. रामेश्वरची वाळू प्रयागला न्यायची, तिथून गंगा घेऊन परत रामेश्वरला अभिषेक, तेव्हा यात्रा पुरी. अहिल्याबाई होळकर तर कावडीने गंगेचं पाणी देशभरच्या देवळांना पाठवायच्या. आणि ह्याच वाटेवर एकनाथ महाराजांनी कावडीतलं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, सोबतचे लोक हळहळले, हे म्हणाले माझा रामेश्वर इथेच प्यायला. पैठणला षष्ठीच्या आधी नाथांच्या वाड्यातला रांजण गोदेच्या पाण्याने भरायला अजून रांग लागते, तो भरून वाहिला की श्रीखंड्या, म्हणजे देव, स्वतः घागर ओतून गेला असं समजतात. म्हणजे बंद गडू आणि उघडा रांजण, दोन्ही आपलेच, त्यातलं तुम्हाला काय जमतं ते बघा.

माझं विचाराल तर उघडा. आईच्या हातून, बाबांच्या वर्षश्राद्धाला. रोजच्या कलशपूजेत "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति" म्हणून आपण नळाच्या पाण्यातसुद्धा साती नद्यांना बोलावतोच, तेव्हा चार थेंब तुमच्याकडच्या देव्हाऱ्यातल्या कलशात घाला, बाकीचं तुळशीला, तुळस तिकडच्या थंडीत जगली असेल तर. नाहीतर सोअर नदी आहेच, तिथे तुमच्याकडचे हिंदू लोक अस्थीही सोडतात. फक्त पिऊ नका आणि आईलाही देऊ नका, जुन्या झाळेत शिसं असतं आणि ते इतकी वर्षं त्या पाण्यात बसलंय. झाळ फोडायला सुरी-बिरी घालू नका, गडू पिचतो. एखाद्या प्लंबरला सांगा, तो नीट काढून देईल. आमच्याकडचा गडू मामाने खिळ्याने ठोकून उघडला होता, अर्धी गंगा त्याच्या शर्टावर आणि मामीने तो शर्ट पुढे वर्षभर धुवायला टाकू दिला नाही.